आमच्या गल्लीत न मावणारा पिकअप

तांबरमहून हे गाडी घेऊन येणार म्हणून मी चार वाजल्यापासून दारात उभी होते. साडी बदलली होती, वेणीत मोगरा घातला होता आणि उंबऱ्याशी ओवाळायचं ताट तयार होतं. तेरा वर्षं मी त्या गाडीची वाट पाहिली होती. लग्नाआधी नागपूरला वडिलांच्या छोट्या मोटारीवर मी चालवायला शिकले, परवानाही काढला आणि लग्न ठरताना सेतुमाधवरावांकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: घरात गाडी येईल तेव्हा ती मी चालवणार. ते लगेच कबूल झाले. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या माणसाच्या घरी गाडी कधी येणार, याचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला जमत होता.

तरी अठ्ठावन्न साली तो दिवस उगवला. तांबरमला हवाई दलाच्या जुन्या वाहनांचा लिलाव होता आणि त्यात एक लहानशी मोटार होती. हे रोज मद्रासमधल्या मैलापूरहून तांबरमला कॉलेजात जायचे, आधी बस, मग विजेची आगगाडी. मी रॉयपेट्ट्याला मुलींच्या शाळेत शिकवायची. मी ह्यांना स्टेशनवर सोडणार आणि तशीच शाळेत जाणार, असं ठरलं होतं. मनात मी ती गाडी शंभरदा चालवली होती, अगदी शाळेच्या फाटकातून आत वळण्यापर्यंत.

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. गल्लीच्या तोंडाशी येऊन काहीतरी मोठ्यांदा गुरगुरलं आणि तिथंच थांबलं. आत येईना. थोड्या वेळानं हे एकटेच चालत आले, शर्टाला तेलाचे डाग, चेहरा पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा.

"कुमुद, चल, बघून सोड एकदां," हे म्हणाले. माझ्याशी बोलून बोलून ह्यांची मराठी निम्मी नागपुरी झाली होती, पण आनंद झाला की घरातली तंजावरची मराठी वर यायची.

मी ताट घेऊन गल्लीबाहेर गेले. कपालीश्वराच्या तळ्याच्या कडेला एक हिरवा, दांडगा अमेरिकन पिकअप उभा होता. पुढं नाक, नाकाच्या वर काच, आणि मागं साडेआठ फूट लांबीचा उघडा हौद. चाकं माझ्या कमरेला लागत होती. भोवती अर्धं मैलापूर जमलं होतं.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"आपली."

"आणि ती लहान मोटार?"

"ती दुसऱ्यानं नेली," हे म्हणाले, आणि त्याचं दुःख ह्यांच्या तोंडावर औषधालाही नव्हतं. "हा कोपऱ्यांत एकटा उभा होता. कोणी बोली लावीना. पत्र्यास हात लावून बघ गे. यासमान पत्रा आतां मिळावयाचा नाहीं."

मी ओवाळलं. शुभ गोष्ट शुभ वेळीच करावी. पण ओवाळताना निरांजनापेक्षा मीच जास्त पेटले होते.

दुसऱ्या दिवसापासून हे पिकअपनं कॉलेजात जाऊ लागले. मागच्या हौदात एक छत्री. पुढं ह्यांच्या शेजारी एक डबा आणि गणिताच्या दोन वह्या. तेवढं सामान घेऊन ते धूड रोज पंधरा मैल जायचं आणि पंधरा मैल यायचं. परत आल्यावर जागा म्हणून तळ्याच्या कडेला उभं राहायचं, कारण आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तरी एकाला उतरावं लागे. सकाळी ह्यांना निघताना आधी हौदातल्या शेवग्याच्या शेंगा बाहेर काढाव्या लागत. एका भाजीवालीनं तिथं दुकान थाटलं होतं, आणि तिला उठवायचं तर आधी दोन जुड्या घ्याव्या लागायच्या. आम्ही त्या महिन्यात इतका शेवगा खाल्ला की पुढं वर्षभर मी त्याचं नाव काढलं नाही.

"रोजच्या माणसाला ही लागते कशाला?" मी विचारी. "तुम्ही कॉलेजात जाता आणि परत येता. छत्रीला एवढा महाल?"

"लागेल," हे म्हणत.

"कधी?"

"लागेल तेव्हां कळेल."

पहिल्याच रविवारी मी ह्यांना समुद्राच्या रस्त्यावर घेऊन गेले. म्हटलं, असेना का पिकअप, कबूल केलंय तसं चालवू तर द्या. मी पाच फुटाला दोन इंच कमी. पाठीशी उशी आणि खाली चार पदरी गोधडी घेतली तेव्हा कुठं पाय क्लचला पोचला आणि डोळे काचेच्या वर आले. डावीकडचं तर काहीच दिसेना. हे मार्गदर्शन करायला म्हणून मागच्या हौदात उभे राहिले. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदाही पडलं. तिसऱ्यांदा मी क्लच सोडला आणि गाडीनं असा हिसका दिला की गणिताचे प्राध्यापक हौदात उताणे झाले आणि त्यांचा चष्मा रस्त्यावर गेला. पहाटे फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती आणि हसत होती.

हे रागावले नाहीत. कोपर चोळत म्हणाले, "राहूं दे कुमुद. ही तुला नाहीं जमायची. तुला लहानच बरी."

ते मला झोंबलं. हसणाऱ्यांचं हसणं नाही, ह्यांचं ते समजूतदार बोलणं. त्या दिवसापासून मी पिकअपच्या स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला नाही, आणि तो घरातून काढायचाच असं मनाशी पक्कं केलं.

संधी आपण होऊन चालत आली. आमच्या मागच्या आळीत दत्तोपंत राहत. लग्नकार्याला भांडी, खुर्च्या, सतरंज्या भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. त्यांच्याकडे एक छोटी काळी मोटार होती, झकपक, आरशासारखी. ते म्हणाले, मला पिकअप द्या, माझी मोटार घ्या, वर एक पैसा देऊ नका. पातेली काय मी मोटारीच्या डिकीत घालून नेऊ?

मला तर तिथल्या तिथे हो म्हणायचं होतं. पण ह्यांचा चेहरा बघवेना. मग मी एक मुदत घातली. ह्यांचा भाचा राघोत्तम याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. लग्न आटोपलं की येणाऱ्या सोमवारी अदलाबदल. तोवर ह्यांनी एक तरी दिवस असा दाखवावा, की त्या दिवशी लहान गाडीनं भागलं नसतं. दाखवला तर मी जन्मात पिकअपबद्दल अवाक्षर काढणार नाही.

"सेरि," हे तमिळमधून हो म्हणाले आणि कामाला लागले.

त्या पंधरा दिवसांत ह्यांनी मैलापुरातल्या कुणाचंही काही वाहायचं शिल्लक ठेवलं नाही. हरिकथेच्या सभेच्या व्यासपीठाच्या फळ्या नेल्या. मी म्हटलं, हातगाडीनं गेल्या असत्या. माझ्याच शाळेचे बाक आणले. मी म्हटलं, बैलगाडीनं आले असते. ह्यांचे चुलते गुंडोकाका लग्नासाठी तंजावरहून कपाट घेऊन आले, ते एग्मोर स्टेशनवरून आणलं. मी म्हटलं, लग्नाला कपाट घेऊन येतं कोण? मी रोज दिवस मोजत होते, आणि येता-जाता दत्तोपंतांच्या मोटारीच्या काचेतून आतल्या चाकाकडे बघत होते. ते चाक माझ्या हाताच्या मापाचं होतं.

आता राघोत्तमच्या लग्नाचं सांगते, कारण घोळ मी घातला तो तिथंच.

राघोत्तम हा माझ्या थोरल्या नणंदेचा, भवानीवन्संचा, एकुलता एक मुलगा. वन्सं बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि वर्षाचं पोर काखेत घेऊन भावाकडे आल्या. मी त्या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांच्याच हातात होतं, आणि ते त्यांनी मला कधी परकं वाटू दिलं नाही. त्या अंबटभात करत, अप्पळं, म्हणजे पापड, लाटत, सगळ्यांच्या नंतर जेवत. शुभकार्यात पुढं यायचं नाही हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. बारसं असो, मुंज असो, वन्सं मागच्या दारी चुलीपाशी. आता पोटच्या पोराचं लग्न, तरी तेच. मला त्याची चीड येई. पण मीही कधी तोंड उघडलं नाही, हे खरं आहे.

मुलगी विमला मीच सुचवली. तिचे वडील शरदचंद्र खांबेटे बँकेत होते, पुण्याहून बदली होऊन मद्रासला येऊन दोन वर्षं झालेली. साधा, हौशी माणूस. तंजावरच्या मराठी लोकांची काहीच माहिती नाही, म्हणून मला म्हणाले, "कुमुदिनीताई, तुम्ही दोन्हीकडच्या. काय काय करायचं ते मला लिहून द्या, त्यात तसूभर कमी पडणार नाही." मी दोन पानं भरून यादी दिली. नादस्वरवाले, केळीचे खांब, पानक, नवरदेवाची छत्री, काशीयात्रेचा जोडा, सगळं. एक सोडून.

दक्षिणेत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाची जानवासाची मिरवणूक निघते. नवरदेव देवळातून मांडवाकडे येतो तो उघड्या मोटारीतून, सगळ्या गावाला दिसेल असा. ही मोटार पाठवायची मुलीकडच्यांनी. आमच्या तंजावरकरांनी ही पद्धत तमिळ शेजाऱ्यांकडून कधीची उचलली होती. पुण्याच्या माणसाला जानवास म्हणजे नुसतं वऱ्हाड उतरायचं घर. आणि मला तेरा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की हे कुणाला सांगावं लागतं असं मनातही आलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे लझ कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळात पाच वाजता जमलो. वऱ्हाडातली सतरा माणसं ह्यांनी पिकअपच्या हौदातूनच आणली होती, आणि त्याबद्दल माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलंही होतं. मी म्हटलं, बसनं आली असती. राघोत्तम जरीचा अंगरखा घालून, गळ्यात हार घालून तयार. साडेपाच झाले. सहा झाले. नादस्वरवाल्यांनी दोन राग संपवले आणि विडे लावायला बसले. मोटार येईना.

"मोटार नाहीं आली," गुंडोकाका म्हणाले. ते घरातले सगळ्यात वडील. त्यांचा आवाज शांत होता, म्हणजे काळजीचं कारण होतं.

"निरोप पाठवूं कां?" हे म्हणाले.

"मागून घ्यायाची वस्तु आहे कां ती? मुलीच्या बापानें मान द्यायाचा असतो. मागितल्यावर तो मान कसला?" गुंडोकाकांनी उपरणं झटकलं. "साडेसहापर्यंत बघूं. नाहींतर राघोत्तमास घेऊन आम्हीं एग्मोरला. रात्रीची गाडी आहे तंजावरास."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यादीची दोन्ही पानं मला डोळ्यांपुढं दिसली, वरपासून खालपर्यंत. खांबेट्यांनी मान दिला नव्हता असं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक करून द्यायचं काम माझं होतं. तिकडे मांडवात ती बिचारी माणसं सीमांतपूजनाची तयारी करून बसली असतील आणि नवरदेव का येत नाही म्हणून चुळबुळत असतील. आणि इथं पंधरा-वीस मिनिटांत एक लग्न मोडणार होतं, माझ्या विसरभोळेपणापायी.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. "काका, चूक माझी आहे. मोटारीचं मी त्यांना लिहिलंच नाही."

गुंडोकाका म्हणाले, "चूक कोणाची कां असेना. नवरदेव चालत जाणार नाहीं."

"चालत कशाला?" हे म्हणाले. मी वळून पाहिलं. ह्यांचे डोळे नुसते लकाकत होते. "उघडी मोटार पाहिजे ना? ही काय उघडी नाहीं?"

"ती?" गुंडोकाकांनी पिकअपकडे बोट दाखवलं. "राघोत्तम काय भाताचें पोतें आहे?"

पण हे तोवर हौदात चढले होते. मग जी धांदल उडाली ती सांगून खरी वाटायची नाही. देवळातल्या गुरवानं सतरंजी दिली. समोरच्या डॉक्टरांच्या घरून एक कोरीव खुर्ची आणि एक साधी खुर्ची आली. फुलवालीनं उरलेला सगळा मोगरा आणि शेवंती देऊन टाकली. देवळाच्या दाराचे दोन केळीचे खांब हौदाच्या दोन कोपऱ्यांना बांधले. बायकांनी अंगावरचे शेले काढून पत्र्यावर लावले, जांभळे, हिरवे, कुंकवाच्या रंगाचे. दहा मिनिटांत तो हिरवा राक्षस असा सजला की रस्त्यावरच्या बस थांबून बघू लागल्या. राघोत्तम वर जाऊन कोरीव खुर्चीत बसला. खरं सांगते, कुठल्याही भाड्याच्या मोटारीत नवरदेव इतका उंच आणि इतका देखणा दिसला नसता. गुंडोकाकाही दोन पावलं मागं सरून बघत राहिले.

"बरें," ते शेवटी म्हणाले. "पण पोरास बाप नाहीं. बापाच्या जागीं मामा. सेतुमाधव, तूं त्याच्या शेजारीं बसायास पाहिजे. नाहींतर मिरवणूक नव्हे ती."

ह्यांनी गाडीची किल्ली हातात धरली होती. ती त्यांनी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. सगळ्या वऱ्हाडात गाडी चालवता येणारी माणसं दोनच होती.

"कुमुद," हे म्हणाले.

मला सरळ भीती वाटली. समुद्राचा रस्ता, तिसरा हिसका, रस्त्यावर पडलेला चष्मा. आता मागं चष्मा नव्हता, नवरदेव होता. आणि मिरवणूक म्हणजे चालत्या माणसाच्या वेगानं जायचं, नादस्वरवाले थांबले की थांबायचं, निघाले की निघायचं. प्रत्येक वेळी क्लच. एक हिसका, की राघोत्तम खुर्चीसकट रस्त्यावर. पण नाही म्हणायला तोंड कुठून आणू? मी किल्ली घेतली.

आत चढले. दोन शाली पाठीशी, एक तक्क्या खाली. उजवीकडचं सगळं दिसत होतं. डावीकडचं काही दिसत नव्हतं, आणि पुढं कपालीश्वराभोवतीच्या माडवीथीचं ते अरुंद वळण होतं, फुलांच्या दुकानांचं. डाव्या बाजूला कुणीतरी बसायलाच हवं होतं. सुवासिनी ताटं घेऊन मागून चालणार होत्या. पुरुष गॅसबत्त्या धरणार होते. ज्याला काही काम नव्हतं असं एकच माणूस त्या देवळात होतं. भवानीवन्सं खांबाआड उभ्या होत्या, मुलाकडे बघत, त्याला दिसणार नाही अशा बेतानं.

"वन्सं, या आत," मी खिडकीतून हाक मारली.

त्यांनी मान हलवली. "मीं पुढें नाहीं यायाचें, कुमुदिनी. मीं मागल्या वाटेनें मांडवांत जातें."

"मला डावीकडचं दिसत नाही. तुम्ही नाही आलात तर मी गाडी सुरू करत नाही."

"कोणी दुसरी..."

"दुसरी कुणी नाही. या."

मी हे जरा मोठ्यानंच म्हणाले असेन. गुंडोकाकांनी आमच्याकडे बघितलं. ते काही बोलतील म्हणून मी दात आवळून तयार होते. त्यांनी फक्त तोंड दुसरीकडे वळवलं आणि नादस्वरवाल्यांना खूण केली. वन्सं पदर घट्ट ओढून चढल्या. त्यांना पायरी उंच होती. चढल्यावर त्या दाराला चिकटून बसल्या, शक्य तितकं अंग चोरून.

मी किल्ली फिरवली. तविलाचा ढोल वाजू लागला. मी डावा पाय हळूहळू सोडला आणि पिकअप हलला. हिसका नाही. मागून राघोत्तमचा आवाज आला नाही, म्हणजे तो होता. मी श्वास सोडला.

पहिला थांबा लगेच आला. मग दुसरा. प्रत्येक थांब्याला नादस्वरवाले वळून नवरदेवाकडे तोंड करून वाजवत, लोक गॅलऱ्यांतून फुलं टाकत, आणि मी पाय क्लचवर धरून घामानं निथळत असे. दर खेपेला पुन्हा तेच, हळू, हळू, हळू. तिसऱ्या थांब्याला माझ्या लक्षात आलं, की हा पत्रा आणि हे इंजिन इतकं जड आहे म्हणूनच ते सावकाश हलतं. वडिलांची छोटी मोटार अशी कधी ऐकत नसे. समुद्रावर मी पिकअपला छोट्या मोटारीसारखं घाईनं चालवलं होतं. मला एकदम हसू आलं. मी इतकी वर्षं मुलींना शिकवते, आणि एवढी साधी गोष्ट मला कळायला नवरदेव मागं बसवावा लागला.

मग ते वळण आलं. उजवीकडे एक बैलगाडी गवत भरून उभी, डावीकडे फुलांच्या टोपल्या रस्त्यावर आलेल्या, मधे माणसंच माणसं. मी थांबले. "वन्सं, डावीकडे किती आहे?"

वन्संनी खिडकीबाहेर डोकं काढलं. आधी थोडं, मग खांद्यापर्यंत. भाताच्या पातेल्यात पाणी मोजतात तशी त्यांनी हाताची बोटं धरली.

"एक वीत आहे," त्या म्हणाल्या. "ये. चार बोटें. ये पुढें. तीन बोटें. थांब. ए बाई, टोपली उचल, नाहींतर शेवंती जाईल तुझी." हे शेवटचं त्या फुलवालीला तमिळमधून ओरडल्या, आणि असं ओरडल्या की तविलवाल्याचा हात चुकला. "हां, आतां ये. दोन बोटें. दोनच. वळव. वळव गे. झालें. हातभर मोकळें आहे आतां. जा."

पिकअप वळला. मागं माणसांनी टाळ्या वाजवल्या. वन्सं आत आल्या तेव्हा त्यांचा पदर खांद्यावर पडला होता आणि केसात कुठून तरी मोगऱ्याची फुलं येऊन अडकली होती. त्या दाराला चिकटून बसल्या नाहीत. बाकावर मधोमध, दोन्ही हात पुढच्या पत्र्यावर ठेवून बसल्या आणि काचेतून सरळ पुढं बघू लागल्या. मुलाच्या मिरवणुकीच्या सगळ्यात पुढं.

मांडवाशी खांबेटे हात जोडून उभे होते. त्यांनी फुलांनी मढवलेला तो पिकअप बघितला, वर सिंहासनावर जावई बघितला, आणि ते अगदी भारावले. "वा," ते गुंडोकाकांना म्हणाले, "नवरदेव असा ट्रकमधून येतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. काय थाट आहे हो तुमच्या तंजावरचा."

आम्ही सगळे गुंडोकाकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"आमची पद्धत आहे," गुंडोकाका गंभीरपणे म्हणाले. "जुनी."

राघोत्तमला ओवाळून आत नेलं. हे त्याच्यामागून गेले, छाती दोन इंच पुढं काढून. ताटं, दिवे, वाजंत्री, सगळी गर्दी मांडवात गेली. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. वन्संनी उतरायला पाहिजे होतं. त्यांना मागच्या दारानं स्वयंपाकाकडे जायचं होतं. त्या उतरल्या नाहीत.

"वन्सं, आला मांडव," मी म्हटलं.

"कळलें," त्या म्हणाल्या. त्यांचे हात पुढच्या पत्र्यावरच होते. मग म्हणाल्या, "अजून एक फेरी घे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पुढंच बघत होत्या. गाडी काढली आणि आता पुढं नादस्वर नव्हतं, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. तळ्याच्या कडेनं आम्ही दोघीच निघालो, मागं रिकाम्या खुर्च्या आणि केळीचे खांब हलताहेत, शेले फडफडताहेत. खिडक्यांतून वारा भरून आला. माणसं बाजूला होत होती. माझ्या अंगातून आनंद असा उसळत होता की ओरडावंसं वाटत होतं. वन्सं मात्र प्रत्येक वळणावर इमानानं डावी बाजू सांगत होत्या.

कपालीश्वराच्या गोपुरासमोरून जाताना त्यांनी विचारलं, "ती लहान मोटार असती तर मज बोलावली असतीस कां?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "लहान गाडीत डावीकडचं दिसतं. गरजच पडली नसती."

त्यांनी मान हलवली, बरोबर आहे अशी. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र वाटलं, आणि फार वाटलं, कारण तेरा वर्षांत मी त्यांना गरज नसताना कधी कुठं पुढं बोलावलं नव्हतं.

परत मांडवाशी आलो तेव्हा दत्तोपंत दारात आपली पातेली मोजून घेत होते. शेजारी त्यांची काळी मोटार उभी होती, गॅसबत्तीच्या उजेडात चमकत. त्यांनी पिकअपच्या पत्र्यावर मालकासारखी थाप मारली. ह्यांनाही कुणी बोलावून आणलं होतं. आम्ही दोघी गाडीसकट कुठं गेलो म्हणून हे घाबरून बाहेर आले होते.

"मग सोमवारीं सकाळीं आणूं ना माझी मोटार?" दत्तोपंत मला म्हणाले. "कीं दुपारीं?"

मी त्या मोटारीकडे बघितलं. मला वाटलं होतं, काहीतरी तुटेल आतून. काही तुटलं नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात डाव्या खिडकीतून वन्संचं डोकं बाहेर आलं, खांद्यापर्यंत.

"आणूं नका," त्या म्हणाल्या. "गाडी द्यायाची नाहीं."

दत्तोपंत चकित झाले. ह्या बाई त्यांच्याशी आजवर एक शब्दही बोलल्याचं त्यांना आठवत नसावं. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पण अक्का," ते म्हणाले, "मास्तर कॉलेजांत जातात, बाई शाळेंत जातात. एवढी मोठी गाडी तुमच्या घरीं कोणास लागते?"

वन्संनी पदर सारखा केला.

"मज," त्या म्हणाल्या. "मज बसायास पाहिजे."